पाहिजे: कुमारिका एक, गाय एक

आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर एरवी पाण्याच्या वेळा, पार्किंगची भांडणं आणि शुभ सकाळची फुलं एवढंच असतं. त्या गुरुवारी मी त्यावर लिहिलं: "पाहिजे. कुमारिका एक (राखीव), वय दहाच्या आत. गाय एक (मुख्य). रविवार, सकाळी साडेदहा. कुमारिकेस जेवण व भेटवस्तू. गाईस जेवण. संपर्क: दुसरा मजला."

बाळांनो, तुमची आजी इंग्रजी शाळेत शिकली, इंग्रजी घेऊन एम. ए. झाली आणि तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लावत बसली. असलं माणूस गाय मागतानाही मुद्देसूद मागतं. उत्तरं मात्र मुद्देसूद आली नाहीत. एकाने विचारलं, गाय भाड्याने की कायमची. एका बाईंनी दुधाचा भाव विचारला. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये प्राणी नेण्याबद्दलचा नियम अख्खा चिकटवला आणि खाली लिहिलं, "कुमारिकेस हरकत नाही."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते, कारण ते तुमच्यामुळेच होतं.

आपल्या घरात मूल जन्माला आलं की बोडण करतात. एका मोठ्या लाकडी काथवटीत देवीला बसवायचं, पुरण, वरणभात, खीर वाढायची, दूध, दही, तूप, मध, साखर घालायची आणि चार सवाष्णींनी व एका कुमारिकेने भोवती बसून ते सगळं हातांनी कालवायचं. मधूनमधून कुमारिकेला विचारायचं, "काय हवं?" ती मागेल ते घालायचं. ती "पुरे" म्हणेपर्यंत थांबायचं नाही, कारण तेवढा वेळ तिच्या तोंडून देवी बोलते. शेवटी ते कालवण गाईला घालायचं. दारं लावून घ्यायची, पुरुषांनी बघायचं नाही. घरोघरी थोडा फरक असतो, पण आपल्या घरी असं.

तुमच्यातल्या थोरल्याचं बोडण वेळेवर झालं. धाकट्याचं राहिलं. तुम्ही भारतात आलात की करू, असं म्हणता म्हणता तो चार वर्षांचा झाला, सायकल चालवायला लागला, आणि तुम्ही काही आला नाहीत.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. तुमच्या पणजीला वाटत होतं. माझ्या या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. डावा डोळा पूर्वीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा पणजीने ती फिरवली. "पोराचं बोडण राहिलंय. डोळ्यावर पट्टी बांधून घेतली आणि तशीच गेले, तर वर काय तोंड दाखवू?" तिसऱ्यांदा डॉक्टरांनी तिला नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं: मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर नजर परत येईल याची मी हमी देत नाही, हा सोमवार घ्या, त्यानंतर मी दीड महिना रजेवर आहे.

घरी येऊन मी पणजीला म्हटलं, "रविवारी बोडण, सोमवारी डोळा. कबूल?"

"रविवारी झालं तर सोमवारी. नाही झालं तर नाही."

"होईल. मी सगळं जमवते."

"तू कशाला जमवतेस? तिचं ती जमवते. तिची माणसं ती बघून ठेवते."

"आई, देवी जमवते हे मला मान्य आहे. पण फोन कोण करतं?"

यावर पणजी हसली. तिला माझा वाद नेहमीच आवडत आला आहे. मी कोरा कागद घेतला आणि रकाने आखले. सवाष्णी चार: एक मी, दुसरी धाकटी जाऊ, जी जुन्या पनवेलात राहते, तिसऱ्या-चौथ्या पुण्याच्या दोन्ही नणंदा. कुमारिका: थोरल्या नणंदेची नात. नणंदा आणि नात, तिघीही एकाच गाडीतून येणार, पहाटे सहाला निघणार, नऊला पोचणार. एकाच गाडीत तीन माणसं मिळाली याचा मला इतका आनंद झाला की मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. राहिली ती फक्त गाय. देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसायची. तिला विचारलं तर म्हणाली, रविवारी मी गावाला. म्हणून तो ग्रुपवरचा संदेश. राखीव कुमारिका मी केवळ शिस्त म्हणून मागितली होती.

रविवारी पहाटे पाचला उठून मी स्वयंपाकाला लागले. बोडणाचा स्वयंपाक सोवळ्यात, घरच्या सुनेने करायचा. पण पुरणयंत्र फिरवता फिरवता माझा खांदा असा भरून आला की पणजीच म्हणाली, "ठेव ते. तिला फिरवू दे." ती म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्या करणारी, जवळच्या कोन गावाहून येणारी बाई. ती हात धुऊन आली, यंत्र मांडीत धरलं आणि मी अर्ध्या तासात केलं त्याच्या दुप्पट दहा मिनिटांत करून मोकळी झाली.

"ताई, तुमी चपात्या लाटता तेवा पण असाच खांदा दुखतो का?"

"मी चपात्या लाटते कुठे?"

"तेच बोलते मी."

सव्वाआठला फोन वाजला. घाटात कंटेनर आडवा झाला होता. नणंदेचा आवाज अगदी शांत, म्हणजे परिस्थिती गंभीर. "अगं, पुढे पण गाड्या, मागे पण गाड्या. माझी नात शेजारच्या गाडीतल्या मुलांशी पत्ते खेळतेय. आम्ही काही बाराच्या आत येत नाही."

"बाराला तर मुहूर्त संपतो."

"मग मी काय उडून येऊ?"

दोन रेघा मारलेली ओळ अख्खी गेली. दोन सवाष्णी आणि कुमारिका, तिघी घाटात. गाय तर मुळात नव्हतीच. उरल्या होत्या सवाष्णी दोन, त्यातली धाकटी जाऊ दारात रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होती.

तुमच्या आजोबांनी लगेच कामाची वाटणी मागितली. मी म्हटलं, "तुम्ही गाय बघा." ते शर्ट घालून बाहेर पडले. आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसाला गाय शोधायला पाठवलं की काय होतं, ते मला वीस मिनिटांनी फोनवर कळलं.

"सर्व्हिस रोडवर एक बसलीय. पण शिंगं मोठी आहेत. गाय कशी ओळखायची?"

"अहो, खाली बघा."

"ती बसलीय म्हणतोय ना. बसलेल्याचं खाली कसं बघू?"

"उठवा तिला."

"उठवली. बैल आहे." मग जरा थांबून, "तो माझ्यामागे येतोय."

पणजी देवघराच्या दाराशी खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती आणि खुशाल वाती वळत होती. दिसत नसतानाही तिच्या वाती माझ्यापेक्षा सारख्या होतात. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं. ते बोडणासाठी नव्हतं. उद्याचा सोमवार डोळ्यांसमोर निसटताना दिसत होता, आणि दीड महिन्यानंतर तिच्या हाताला धरून तिला न्हाणीघरापर्यंत नेणारी मी, कायमची, तेही दिसत होतं.

"आई, माणसं नाहीत. आज नाही व्हायचं. पण उद्या दवाखान्यात तरी चला."

"किती वाजले?"

"नऊ वाजून दहा."

"मग आत्ताच काय? बाराला सांग."

तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी उभी, एका पायात चप्पल. "गाय आली का?"

तिच्यामागून धापा टाकत तिची आई. ही मूळची अमरावतीची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, रात्रपाळी करून नुकता झोपलेला. "सॉरी हो काकू. तिनं माझ्या मोबाइलमध्ये तुमचा मेसेज वाचला अन् गुरुवारपासून डोकं खाऊन राहिली. बाबा झोपलेत म्हणून म्हटलं, जरा खाली आणते."

मी काही बोलण्याआधी आतून पणजीचा आवाज आला. "कोण आहे? लहान मुलगी आहे का? आंघोळ झालीय का तिची?"

"झाली," मुलगी म्हणाली.

"आणि तुझ्या आईची?"

"तिची पण. पण तिने चहा प्यायला."

"चहाला देवीची ना नाही. आत या."

मी पणजीच्या कानाशी वाकले. "आई, त्यांच्याकडे बोडण नसतं. त्या आपल्यातल्या नाहीत."

"तू मेसेज काय लिहिला होतास? आपल्यातली कुमारिका पाहिजे, असा?"

"नाही."

"मग?"

धाकटी जाऊ एव्हाना त्या बाईला माझी जरीची साडी टी-शर्टवरूनच गुंडाळायला लागली होती. ती बाई एवढी हसत होती की निऱ्या तीनदा सुटल्या. मी बोटांवर मोजलं. मी, जाऊ, अमरावतीची. तीन. कुमारिका एक. एक सवाष्ण अजून कमीच.

"ही एक कमी आहे," मी मोठ्यांदा म्हटलं, कुणाला उद्देशून नाही.

"स्वयंपाकघरात कोण आहे?" पणजीने विचारलं.

स्वयंपाकघरात पोळ्या करणारी होती. हातात पुरणाचं पातेलं, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या कागदावर सगळ्यांना रकाना होता, तिला नव्हता. मला जी शरम वाटली ती मी इथे लिहून ठेवते, कारण तुम्हीही पुढे कधी याद्या कराल.

ती मात्र मागे सरकली. "नाय बा. मी कशी बसू? मना तुमचा काय येत नाय."

"येण्यासारखं त्यात काही नाही," पणजी म्हणाली. "कालवायचं असतं. तू हिच्यापेक्षा बरं कालवशील."

"आनि काय चुकला तर?"

"चुकलं तर माझ्या सुनेवर ढकल. तिला सवय आहे."

अशा रीतीने साडेदहाला, माझ्या कागदावरच्या वेळेप्रमाणे, आम्ही पाचजणी बसलो. आजोबा बैलापासून सुटून आले होते, त्यांना जिन्यात खुर्ची दिली. पणजी रीतीप्रमाणे बाहेर, लावलेल्या दाराला टेकून. तुमचे पणजोबा गेल्यापासून अठ्ठावीस वर्षं ती बोडणाला अशीच दाराबाहेर बसते आणि आतल्यांना सूचना देते. मला ते कधीच आवडलं नव्हतं आणि मी कधीच काही बोलले नव्हते.

देवीला पुरणाचे दागिने घातले, आरती झाली, दूधदही ओतलं आणि आम्ही हात घातले. गार दूध, गरम भात, मऊ पुरण. बोटं एकमेकींत अडकतात, कुणाचा हात कुठला ते कळेनासं होतं. अमरावतीची म्हणाली, "काकू, हा तुमचा अंगठा धरून राहिले का मी?" तो पोळ्या करणारीचा होता. ती म्हणाली, "धरा, धरा, काय जात नाय." आणि आम्ही जे हसायला लागलो ते थांबेना.

मी कुमारिकेला विचारलं, "काय हवं?"

तिने कोपरापर्यंत हात बुडवले होते. "दूध."

दूध घातलं. "काय हवं?" "साखर." साखर घातली. "अजून साखर." घातली. "काय हवं?" तिने विचार केला. "आइस्क्रीम."

तिच्या आईने डोळे मोठे केले. मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "आई, ती आइस्क्रीम मागतेय."

दारापलीकडून प्रश्न, "घरात आहे?"

"नणंदांसाठी केशरपिस्ता आणलंय."

"दुधाचंच असतं ना ते? घाला."

जाऊ हात धुऊन धावली, फ्रीजमधून अख्खा डबा आणला आणि देवीच्या पायांशी उपडा केला. गार लागून आम्ही चौघी ओरडलो, जिन्यातून आजोबांनी विचारलं, काय झालं, आणि पोळ्या करणारी म्हणाली, "तुमी नका बघू साहेब, देवी आइस्क्रीम खाते हाय." माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात भरलेले म्हणून पुसताही येत नव्हतं. पासष्ट वर्षांच्या बाईने इतकं हसू नये.

"काय हवं?" मी कसंबसं विचारलं. आता पुरे म्हणेल असं वाटलं होतं.

मुलीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "त्या आजी."

"कोणत्या?"

"बाहेरच्या. त्यांनी मला बोलावलं आणि त्याच बाहेर बसल्यात."

हसणं आपोआप थांबलं. तिच्या आईने तिला गप्प करायला कोपर मारलं. मी पुन्हा दाराकडे तोंड केलं. या वेळी माझा आवाज तेवढा चढला नाही. "आई, ती तुम्हाला मागतेय."

"मला?"

"हो."

"तिला सांग, आजीला चालत नाही."

"आई, कुमारिका मागेल ते घालायचं. ती पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत."

देवीच्या अंगावरून केशरपिस्ता ओघळत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग भिंतीवरून चाचपडत येणारा हात, मग दार. पोळ्या करणारी उठली, तिने पणजीला धरून आणलं आणि स्वतः सरकून आपल्या शेजारी बसवलं. पणजीने बांगड्या नसलेले दोन्ही हात पुढे केले. कुठे घालायचे ते तिला दिसत नव्हतं. मुलीने तिची मनगटं धरली आणि काथवटीत बुडवली.

पणजीने बोटं हलवली. "गार आहे गं," ती म्हणाली. नंतर, "पुरण छान झालंय. मऊ." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आमच्यातल्या कुणीच पाहिलं नाही. आम्ही सगळ्या खाली बघून कालवत राहिलो.

"पुरे," मुलगी म्हणाली.

गाईचा प्रश्न तेव्हाही होताच. काथवट पुढ्यात घेऊन मी म्हटलं, "आता गाय कुठून आणायची?"

पोळ्या करणारी हात निथळत म्हणाली, "आनायची कशाला? आमच्या घरी हाय ना."

"तुझ्याकडे गाय आहे? गुरुवारपासून मी गाय शोधतेय."

"तुमी मना विचारला कुठं? तुमी मोबाइलवर विचारला."

मग आम्ही सगळे कोनला निघालो. आजोबा गाडी चालवत, पुढे पणजी मांडीवर कालवण भरलेली, झाकलेली मोठी बादली घेऊन, मागे मी, पोळ्या करणारी आणि ती मुलगी. तिने गाय बघितल्याशिवाय घरी जायला साफ नकार दिला होता, आणि तिच्या शब्दाबाहेर जायची त्या दिवशी कुणाची छाती नव्हती. तिची आई माझ्याच साडीत घरी थांबून जावेबरोबर पानं मांडत होती. घाटातली मंडळी दोनला पोचली, पोटभर जेवली आणि आइस्क्रीम कुठे आहे म्हणून विचारत राहिली, पण ते नंतर.

पोळ्या करणारीच्या घराच्या मागे, नव्या इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून छोटासा गोठा. गाईने बादलीत नाक घातलं, बाहेर काढलं, आमच्याकडे पाहिलं. आजोबा हळूच म्हणाले, "नापसंत." मग तिने पुन्हा नाक घातलं आणि ते थेट तळापर्यंत. बादली गोठ्याच्या फरशीवर खडखडत फिरायला लागली, गाय तिच्यामागे, मुलगी टाळ्या वाजवत गाईमागे.

पणजीला मी गाईजवळ नेलं. तिने हात पुढे केला, तो गाईच्या मानेवर पडला. ती मान खालपासून वरपर्यंत चाचपत राहिली, कानाशी, शिंगाशी. गाईने तिचा हात चाटला. त्यावर अजून साखर होती.

"कुठल्या रंगाची आहे?" पणजीने विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने हात वर केला.

"नको. सांगू नका कुणी." आणि आजोबांना उद्देशून, जिथे ते नव्हते तिथे बघत, म्हणाली, "अरे, उद्या किती वाजता पोचायचंय त्या डॉक्टरकडे?"

"साडेआठ," आजोबा दुसऱ्या बाजूने म्हणाले.

"मग साडेसातला निघू. कळंबोलीला गर्दी असते." आणि पोळ्या करणारीचा हात शोधून तो धरून, "पट्टी निघाली की मी येऊन बघते हिला. चालेल ना?"

"या की आजी. पन सकाळी या. दुपारी ती आमच्या घरात नसते, लय हिंडते."